सव्वा रेघ : सेकंदाच्या लंबकाच्या नोंदी

१५ जून २०२५, मिरज

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. दर जुलैला पहिल्या वर्षाची मुलं साध्या लंबकाचा प्रयोग करायची आणि दर जुलैला सगळ्यांच्या जर्नलमध्ये गुरुत्वत्वरणाचं उत्तर यायचं ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. कुणाचं ९७९, कुणाचं ९८१. उत्तर आधी माहीत, रीडिंगं मागून तयार. मीही कानाडोळा करायचो, खोटं कशाला बोला.

निवृत्तीनंतर हा एक प्रयोग मला नीट करायचाय. मिरजेत सेकंदाच्या लंबकाची (एका बाजूकडून दुसरीकडं जायला बरोबर एक सेकंद घेणाऱ्या) लांबी किती, हे पुस्तकात न बघता काढायचं. पद्धत जाँ रिशेची. हा फ्रेंच माणूस १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर केयेनला गेला आणि पॅरिसचा लंबक तिथं सव्वा रेघ आखूड करावा लागतो, असं लिहून परत आला. फ्रेंच फुटाचे बारा इंच, इंचाच्या बारा रेघा. एक रेघ म्हणजे आपले २.२५६ मिलिमीटर. तेव्हा सव्वा रेघ म्हणजे २.८ मिमी, मीटरभर लांबीत. तांदळाच्या दाण्याच्या निम्मीही नाही.

१७ जून

सुरुवातीची लांबी ठरवली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिकारनं पॅरिसजवळ पृथ्वी मोजली (१६६९-७०), तेव्हा सेकंदाच्या लंबकाची लांबी दिली ३६ इंच साडेआठ रेघा, म्हणजे ४४०.५ रेघा. आपल्या मापात ९९३.७ मिमी. रिशे स्वतः पॅरिसची लांबी ३ फूट ८ पूर्णांक ३ पंचमांश रेघा देतो, म्हणजे ४४०.६. दोघांत दशांश रेघेचा फरक. मी पिकारची धरतो.

पिकारचा यामागचा हेतू वाचून बरं वाटलं. जुन्या लोकांच्या मापांची नुसती नावं उरली, मापं गेली, तसं आपल्या मापाचं होऊ नये म्हणून त्यानं ते लंबकाशी बांधलं. गज मोडेल, हरवेल, राजा बदलेल. पण सेकंदाला एक ठोका देणारा लंबक कुणालाही, कुठंही पुन्हा बनवता येईल. या लांबीला त्यानं ‘खगोलीय त्रिज्या’ असं नावही सुचवलं होतं. ‘कुठंही’ या शब्दावरच पुढं रिशेनं पाणी ओतलं.

२२ जून

गोळा. भंगारातून मोठ्या बेअरिंगची गोळी आणली होती, पण ती पाणी दिलेली; ड्रिल नुसतं घसरत राहिलं, दोन बिटं गेली. शेवटी लेथवाल्याकडून पितळी सळईतून ५० मिमीचा गोळा कातून घेतला, मधून बारीक भोक, तार पकडायला बाजूनं छोटा स्क्रू. वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास.

तार. पिकारनं त्याच्या इंचभर व्यासाच्या तांब्याच्या गोळ्याला ‘पीत’ नावाचा धागा वापरला होता. अमेरिकेतून येणारा, आपल्या घायपाताच्या जातीचा. म्हणून आधी घायपाताचा दोर सोडवून एक धागा काढून पाहिला. जूनची हवा आहे; सकाळी एक लांबी, दुपारी ऊन पडल्यावर दुसरी. सुती दोऱ्याचं तर नावच नको. मासेमारीचा नायलॉन रात्रभर टांगला तर सकाळी लांबलेला.

मिरजेत राहून तारेसाठी किती वणवण करायची? सतारी-तंबोरे बनवणाऱ्या गल्लीत गेलो. तिथल्या काकांनी विचारलं, “कुठल्या सुराला लावायची?” म्हटलं, वाजवायची नाही, गोळा टांगायचाय. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गोळ्याकडं पाहिलं आणि पोलादी तारेचं वेटोळं कापून दिलं. पैसे घेतले नाहीत. “गोळा लावून दोन दिवस टांगून ठेवा सर, तार आधी बसू दे.” हा सल्ला मला एकाही पुस्तकात मिळाला नव्हता.

२६ जून

तार टेबलावर ताणून मापली आणि टांगली, हा गाढवपणा. अर्ध्या किलोच्या गोळ्यानं ती तार ०.४ मिमीच्या आसपास ताणली जाते. माप टांगलेल्या अवस्थेतच घ्यायचं. त्यासाठी लेथवाल्याकडून एक लोखंडी सळई करून घेतली : वरच्या चिमट्याच्या तोंडापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंत बरोबर मावेल अशी.

इथं डच गणिती हायगेन्सचं देणं येतं. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरली तर थोडी चूक होते, कारण गोळ्यालाही आकार असतो. आंदोलनकेंद्र, म्हणजे खरी लांबी जिथवर मोजायची तो बिंदू, मध्याच्या किंचित खाली असतं. किती, हे हायगेन्सनं १६७३ च्या आपल्या घड्याळांवरच्या लॅटिन ग्रंथात गणितानं दाखवलं. माझ्या गोळ्यासाठी पाव मिलिमीटर. नगण्य वाटेल, पण मी २.८ शोधायला निघालोय.

२९ जून

पंख्याच्या हुकाला टांगलं. वीतभर ओढून सोडलं. वीस मिनिटांत मेलं. हुकात रबरी बूश आहे, सगळा जोर तोच पितो.

बाजूला मोबाइलवर सेकंदाची टिकटिक लावली होती. गोळा मध्यरेघेवरून जाताना टिक पडली की ‘मिलाफ’. लंबक तंतोतंत सेकंदाचा असेल तर एकदा जमलेला मिलाफ सुटणारच नाही. मंद असेल तर तो हळूहळू मागं पडत जाईल, आणि पुरा एक ठोका हरला की टिक पुन्हा मध्यरेघेवर येईल. दोन मिलाफांतला वेळ जितका कमी, तितका लंबक जास्त मंद. ठोके मोजत बसायला नको, कान आणि डोळा पुरे.

पहिला मिलाफ चार मिनिटांच्या आत! नंतरचा पाचाहून अधिक, पुढचा सातावर. म्हणजे लंबक दिवसाला पाच-सहा मिनिटं मंद. रिशेला जेमतेम दोन मिनिटांचा फरक सापडला होता. मिरज काय विषुववृत्ताच्याही पलीकडं आहे?

३० जून

उत्तर सोपं होतं आणि लॅबमध्ये मीच हजारदा सांगितलेलं : झोका लहान ठेवा. गॅलिलिओ म्हणाला होता की झोका मोठा असो वा लहान, वेळ सारखाच. ते जवळपास खरं आहे, पूर्ण नाही. वीतभर झोक्यानं दिवसाला साधारण साडेचार मिनिटं मागं पडायला होतं. दोन बोटांच्या झोक्यानं फक्त सहा-सात सेकंद. हायगेन्सला हे १६५९ मध्येच कळलं होतं. झोका कितीही असो, वेळ एकच लागायचा असेल तर गोळा वर्तुळाच्या कमानीतून न जाता चक्रजाच्या (गाडीच्या चाकावरचा एक बिंदू हवेत काढतो त्या) कमानीतून जायला हवा. म्हणून त्यानं घड्याळात लंबकाच्या दोरीला दोन्ही बाजूंनी वाकड्या पट्ट्या लावल्या. सुंदर गणित. पुढं जहाजाच्या नांगराच्या आकाराची सुटकाकळ (घड्याळाचं चाक एकेक दात सोडणारी कळ) आली, झोका लहान झाला आणि घड्याळजींना त्या पट्ट्यांची गरज राहिली नाही.

रिशेनं पट्ट्या वगैरे काही लावलं नाही. तो लिहितो, झोके अगदी लहान ठेवले आणि ते ५२ मिनिटांपर्यंत स्पष्ट दिसत होते. आता माझ्यापुढं हाच आकडा. माझा लंबक ५२ मिनिटं जगला पाहिजे.

१२ जुलै

पाऊस. पंख्याचा हूक सोडला. मागच्या खोलीत जुन्या घराची सागवानी तुळई आहे, तिला लोखंडी चिमटा बोल्टांनी आवळला. तार चिमट्याच्या दोन सपाट जबड्यांत, गाठ नाही. दोन बोटं झोका. ३१ मिनिटांवर दिसेनासा झाला. दार बंद केलं, पंखा बंद, खिडकी बंद : ४४.

२० जुलै

४९ मिनिटं. मध्यरेघेमागं पांढरा कागद लावला आणि चष्मा बदलला.

२७ जुलै

५५! यात यंत्राचं कौतुक थोडं, नव्या चष्म्याचं जास्त. पण रिशेला गाठलं. मिलाफ : १० मि. ५० से., मग ११ मि. ०५ से., ११ मि. १५ से. पुढचा झोका विझल्यामुळं धूसर.

सूत्रानं अपेक्षा होती सव्वाबारा मिनिटांची. एक-सव्वा मिनिट कमी का? मिलाफ ओळखण्यात माझी चूक अर्ध्या मिनिटाची होते, पण ती दोन्हीकडं व्हायला हवी, एकाच बाजूला नाही.

३ ऑगस्ट

पुतणी सुटीला आली आहे, बारावीत आहे. म्हणाली, “काका, मोबाइलची टिकटिक बरोबर आहे कशावरून?” मी जरा तोऱ्यातच म्हटलं, मोबाइल आहे तो. तिनं ॲप तासभर चालवून दुसऱ्या फोनच्या घड्याळाशी ताडून दाखवलं. ॲपची टिकटिक तासाला जवळजवळ अर्धा सेकंद पुढं धावत होती. लंबकाचा सगळा प्रश्नच तासाला पावणेपाच सेकंदांचा, त्यातला दशांश ॲपनं घातलेला. गप्प बसलो. आता भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय.

रिशेकडं यातलं काहीच नव्हतं. त्याचं ‘उत्तम घड्याळ’ही लंबकाचंच, म्हणजे केयेनला तेही मंदच चालणार. खरं काय ते फक्त आकाश सांगणार. आज सूर्य किंवा तारा माध्यान्हरेषा केव्हा ओलांडतो, उद्या केव्हा, त्यावरून घड्याळ रोज जुळवायचं आणि त्या घड्याळावरून लंबक. मंगळाचं अंतर काढण्यासाठी त्याला धाडलं होतं; १६७२ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ यायचा होता, पॅरिसहून तिथल्या वेधशाळेचा कासिनी आणि केयेनहून रिशे एकाच वेळी बघणार. आकाश बघणं हेच त्याचं रोजचं काम. लंबक हे जोडकाम.

१७ ऑगस्ट

नवं घड्याळ पंधरा दिवस पाहिलं, दिवसाला अर्ध्या सेकंदाच्या आत चालतं. त्यावर : १२ मि. १० से., १२ मि. २५ से., ११ मि. ५५ से., १२ मि. २० से. चारही सव्वाबाराच्या आसपास. पॅरिसच्या मापाचा लंबक मिरजेत दिवसाला सुमारे दोन मिनिटं मागं पडतो.

पुतणीनं विचारलं, यातलं आपण किती आधीच ठरवून बघितलं? मी म्हटलं, तूच बघ, मला सांगू नकोस. तिनं वेगळ्या कागदावर तीन वेळा घेतलं. १२.४०, ११.५०, १२.१५.

२४ ऑगस्ट

आज प्रयोग नाही, वाचन. रिशेवर पॅरिसमध्ये कुणी लगेच विश्वास का ठेवला नाही, हे आता कळतंय. एक तर माणूस आधीच बदनाम. १६७० च्या समुद्रसफरीत हायगेन्सची घड्याळं त्याच्या ताब्यात दिली होती. वादळात ती बंद पडली, आणि त्यानं हलगर्जीपणा केला हे हायगेन्सचं ठाम मत. दुसरं म्हणजे पिकारनं स्वतः डेन्मार्कला आणि दक्षिण फ्रान्समध्ये लंबक मोजला होता. त्याला फरक आढळला नव्हता. तिसरा आक्षेप कासिनीच्या बाजूनं : उष्ण देश आहे, धातू फुगतो, दुसरं काय.

तिसऱ्याचा हिशेब माझ्या तारेवर केला. केवळ उष्णतेनं २.८ मिमी लांबायला मीटरभर लोखंड अडीचशे अंशांनी तापायला हवं. केयेनला कितीही उकडत असलं तरी रिशे भट्टीत बसून मोजत नव्हता. हाच हिशेब न्यूटननं ला हिर या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या मापांवरून केला : सहा फुटी लोखंडी गज थंडीतून उन्हाळ्याच्या उन्हात आणला तर दोन तृतीयांश रेघ वाढतो, मग तीन फुटी लंबक एक तृतीयांश. सव्वाला फार कमी पडतं.

रिशेचं उत्तर मात्र गणिताचं नव्हतं, नोंदवहीचं होतं. दहा महिने, एकही आठवडा न चुकता, दर आठवड्यात अनेकदा काळजीपूर्वक मोजलं. तिथं सेकंदाला जुळलेली लांबी लोखंडी गजावर खुणेनं कोरली, तो गज फ्रान्सला आणला आणि पॅरिसच्या मापाशेजारी ठेवला. बरोबरचा सहायक केयेनलाच वारला. हा स्वतः आजारी पडून १६७३ मध्ये परतला. अहवाल छापून आला १६७९ मध्ये, त्यातही हा भाग जेमतेम परिच्छेदभर.

(तारखा जुळवून पाहायची खोड आहे. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी इथून जवळच्या पन्हाळ्यावर चढला. त्याच महिन्यात तिकडं रिशे गोळा हलवत होता.)

त्याला अपेक्षित उत्तर माहीत होतं. ‘फरक नाही’ हे ते उत्तर. पिकारचं नाव त्यामागं होतं. जर्नलमध्ये ४४०.६ लिहून मोकळं होता आलं असतं. मंगळाचं काम पार पडलं होतं, कुणी विचारलंही नसतं. माझ्या मुलांनी ९८० लिहिलं तसं.

३१ ऑगस्ट

गणपती बसले. चौकातल्या मंडळाच्या डॉल्बीनं तुळई थरथरते, गोळा आपोआप आडवा हलू लागतो. ६ सप्टेंबरपर्यंत काम बंद.

१४ सप्टेंबर

आखूड करायला सुरुवात. चिमटा सैल करून तार अर्धा अर्धा मिलिमीटर वर ओढायची, आवळायची, तासभर थांबायचं, मोजायचं. अर्ध्यावर मिलाफ १५ मिनिटांवर गेले. एकवर १९.

२१ सप्टेंबर

दोन मिमी आखूड : पाऊण तासात एकच मिलाफ, तोही शेवटी-शेवटी. गोळा इतका हळू मागं पडतो की बघता बघता डोळा लागतो.

२८ सप्टेंबर

चुकलो. आवळताना जबड्यात तार सरकली, सगळं गेलं. पुन्हा ९९३.७ पासून.

५ ऑक्टोबर

२.५ वर अजून किंचित मंद. २.७ वर बहुतेक जलद. गोळा टिकच्या आधी जातोय असं मला वाटतं, पुतणी फोनवरून म्हणते व्हिडिओ पाठव. पाठवला. “जलदच आहे काका.” मध्ये २.६ : ४० मिनिटं टिक आणि गोळा हातात हात घालून चालले.

लोखंडी सळईवर सुईनं दोन खुणा केल्या, एक पॅरिसची, एक मिरजेची. व्हर्नियरनं अंतर २.६ मिमी, दशांशाची खोट धरून. म्हणजे १.१५ रेघा. सव्वाला थोडी कमी.

११ ऑक्टोबर

घड्याळावरचा शेवटचा संशय. आकाश आता मोकळं आहे. समोरच्या इमारतीच्या उभ्या कडेआड श्रवण तारा जातो ती वेळ, डोळा खिडकीच्या एकाच खिळ्याला टेकवून, दोन रात्री. दुसऱ्या रात्री ३ मि. ५५ से. आधी गेला. यायला हवे ३ मि. ५६. घड्याळ ठीक आहे. हे दोनच रात्री करताना मान धरली.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची झाडलोट, त्यामुळं गोळा कपाटात. वाचन.

रिशेनंतर साक्षी वाढत गेल्या. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅलीनं १६७७ मध्ये सेंट हेलेनाला लंबक आखूड केला. १६८२ मध्ये फ्रेंचांनीच पाठवलेल्या लोकांना आफ्रिकेजवळ गोरे बेटावर तेच आढळलं. १६८७ मध्ये न्यूटननं ‘प्रिन्सिपिया’च्या तिसऱ्या भागात हे सगळं एकत्र केलं : पृथ्वी फिरते, त्यामुळं विषुववृत्तापाशी फुगली आहे, तिथं वजन घटतं, लंबक मंदावतो. फुगवटा त्याच्या नंतरच्या आवृत्तीतल्या हिशेबानं २३०:२२९ (विषुववृत्ताकडचा व्यास : ध्रुवांकडचा व्यास). हायगेन्सनं न्यूटनचं गुरुत्वाकर्षण पुरतं मानलं नाही, पण लंबक मानला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून (या कंपनीची वखार त्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला होती) त्याची घड्याळं १६८६-८७ मध्ये आफ्रिकेच्या टोकापर्यंत जाऊन आली. परतीच्या वाटेची रेखांशं आधी चुकीची निघाली. विषुववृत्ताजवळचा मंदपणा वजा केल्यावर बरीच जुळली. ज्या माणसाच्या हलगर्जीपणावर तो चिडला होता, त्याच्याच सव्वा रेघेनं त्याचं गणित सावरलं.

पिकारच्या सार्वत्रिक मापाचं मात्र वाटोळं झालं. पुढं मीटर ठरवताना १७९० मध्ये लंबकाचा विचार पुन्हा निघाला, पण ‘४५ अक्षांशावर’ अशी शेपटी जोडून. वर्षभरात तोही मागं पडला.

माझ्या आकड्यात एक गोम आहे. मिरज सतरा अंशांवर, केयेन पाच. नुसत्या अक्षांशानं माझा फरक रिशेपेक्षा बराच कमी यायला हवा. पण मिरज समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, केंद्रापासून तेवढं लांब. रिशेला अक्षांशानं जे दिलं, त्यातलं काही मला दख्खनच्या पठारानं दिलं.

२ नोव्हेंबर

तारवाल्या काकांना सळई दाखवायला नेली. त्यांनी दोन्ही खुणांवरून नख फिरवलं. “एवढ्यासाठी पाच महिने?” मग स्वतःच म्हणाले, “आमच्यात जवारी लावताना याच्याहून कमीत फरक पडतो.” (जवारी म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवणं.)

९ नोव्हेंबर

पहाट, खोलीत १९ अंश. पॅरिसची लांबी पुन्हा लावली, थंडीत बघायला. १२ मि. ३० से., १२ मि. ०५ से., १२ मि. २५ से. थंडीनं फरक कळण्याइतका नाही. रिशेचे दहा महिने. माझे पाच, त्यातले किती आठवडे बुडाले ते वहीच सांगते.

१६ नोव्हेंबर

२० अंश. १२ मि. १५ से., ११ मि. ५० से. तिसरा चुकला, दार वाजलं.